नकुसा : नाव कुणाचे, निरोप कुणाला



मराठी मुलींच्या नावांवर बोलायचे ठरवले तर एक संध्याकाळ पुरणार नाही. गोदा, कृष्णा, भीमा या नद्या आहेत. जाई, शेवंता ही फुले आहेत. जना, सखू, मुक्ता या संतांच्या अंगणातून आलेल्या आहेत. ठकू, चिमा, बयो अशी निव्वळ लाडाची नावेही आहेत. आजच्या व्याख्यानासाठी यांतले एकही नाव घेतलेले नाही. जे नाव घेतले आहे ते नावांच्या कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते आणि बारशाच्या आधी ते कुणी हौसेने शोधत नाही. तरीही सातारा जिल्ह्यातल्या शाळांच्या हजेरीपटांवर ते शेकडो वेळा लिहिले गेले. ते नाव नकुसा. कुठे नकुशी, कुठे नकोशी, वय वाढले की नकुसाबाई. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात सरकारी पुढाकाराने झालेल्या समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ हातात घेतलेल्या त्या मुलींची छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. नाव पुसले गेले, प्रश्न मिटला, असा समज त्या छायाचित्रांनी करून दिला. नाव पुसण्याआधी ते नीट वाचले गेले का, हा माझा आजचा विषय आहे.

या नावाचा नेहमीचा खुलासा सर्वांना ठाऊक आहे. ग्रामीण भागात वाईट नाव ठेवण्याची जुनी अंधश्रद्धा आहे. दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा तशीच नकुसा. शिक्षण वाढले की ही नावे जातील. हा खुलासा मला मान्य नाही. दगडू आणि नकुसा ही नावे कानाला एका जातीची वाटतात, पण ती एकमेकांच्या उलट कामाची आहेत. दगडूचे नाव दगडूसाठी ठेवलेले असते. नकुसाचे नाव नकुसासाठी नसतेच. माझी मांडणी एवढीच आहे. ती खरी ठरली तर या नावाचा प्रसार, त्याची ओहोटी आणि ते बदलण्याचा खटाटोप या तिन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

आधी दगडूकडे पाहू. ज्या घरात मुले जन्मतात आणि दगावतात, त्या घरात पुढच्या मुलाला टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची किंवा दुष्ट शक्तीची नजर त्याच्यावर पडणार नाही, ही कल्पना फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या हरिश्चंद्राच्या आख्यानात अजीगर्ताचे तीन मुलगे येतात : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावे कुत्र्याच्या शेपटीवरून बेतलेली. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८८३ साली पंजाबी नावांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात अशा नावांचा मोठा साठा आहे : सुपात घालून झटकले म्हणून छज्जू, जमिनीवरून ओढले म्हणून घसीटा. आपल्याकडे कोंडा, केर, उकिरडा, धोंडा, दगड, भीक अशा सगळ्या बिनमोलाच्या गोष्टी नावांत आल्या. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवायचे आणि नथू म्हणायचे, हाही त्यातलाच एक प्रकार. या शेवटच्या युक्तीत गृहीत धरलेली गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे : मुलगी म्हटली की काळ तिच्याकडे ढुंकून पाहणार नाही.

या नावांमागे अपार माया आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. दोन-तीन मुले पुरलेली आई चौथ्याला दगडू म्हणते तेव्हा ती खोटे बोलत असते, आणि ते खोटे तिने जिवाच्या आकांताने रचलेले असते. याला किंमत नाही, याला नेऊ नका, असे ती अदृश्याला सांगते, कारण तिच्या लेखी तो लाखमोलाचा असतो. म्हणूनच ही नावे समाजात सन्मानाने वावरली. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. पुण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गणपतीच्या आधी दगडूशेठ हलवाईंचे नाव लागते आणि ते घेताना कुणाच्या मनात दगड येत नाही. ही नावे एका जातीची किंवा एका थराची नव्हती, हेही यातून दिसते. मनुस्मृतीने शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असे सांगितले, तिथूनच ही सगळी प्रथा निघाली, असे कधी कधी म्हटले जाते. त्या नियमातली दुष्टता उघड आहे आणि अनेक माणसांवर अपमानकारक नावे खरोखर लादली गेली. पण ब्राह्मणाघरचा धोंडो आणि पेशव्यांच्या गादीचा धोंडोपंत त्या नियमाने समजत नाहीत; ते मृत्यूच्या भीतीने समजतात.

आता नकुसा. या नावात टाकाऊ वस्तू नाही, कोंडा नाही, दगड नाही. त्यात फक्त नकार आहे, मराठीतला सर्वांत रोजचा नकार. तो इतका रोजचा की दख्खनी हिंदीनेही आपल्याकडून उचलला. आणि हा नकार मृत्यूला उद्देशून नाही. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवले जाते. हेतू असा की देवाने ऐकावे, आता मुलगी पुरे, पुढच्या खेपेला मुलगा दे. म्हणजे दगडूचे नाव दगडूला वाचवण्यासाठी खोटे बोलते आणि नकुसाचे नाव तिच्याबद्दल खरे बोलते. दगडूच्या नावाचा लाभधारक दगडू. नकुसाच्या नावाचा लाभधारक एक अजून न जन्मलेला मुलगा. ती म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेले पाकीट आहे. मजकूर तिच्या अंगावर लिहिलेला, पण तिच्यासाठी नव्हे.

हे नाव एकटे नाही, आणि त्याची खरी भावंडे दगडू-धोंडूंत नसून इतर प्रांतांत सापडतात. बंगालीत आन्नाकाली हे मुलीचे नाव आहे : कालीमाते, आता आणखी नको. तिथेच क्षान्तमणी आहे, म्हणजे आता थांब. हरियाणात भतेरी आहे, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत वेंडाम आहे, त्याचा अर्थ सरळ नको. चीनमध्ये मुलीला चाओदी म्हणतात : धाकट्या भावाला बोलावून आणणारी. भाषा वेगळ्या, देव वेगळे, लिपी वेगळ्या. पण प्रत्येक नाव मुलीच्या अंगावरून पलीकडे कुणाशी तरी बोलते आहे. चिनी नाव तर सर्वांत प्रांजळ आहे, कारण त्यात येणाऱ्या भावाचा उघड उल्लेखच आहे. या नावांच्या रांगेत नकुसा ठेवली की ती चटकन ओळखू येते. दगडूच्या रांगेत ती कधीच नीट बसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नकुसा हेही काही घरांत दृष्ट टाळण्यासाठी ठेवलेले असू शकते : आधीच्या मुली दगावल्या, म्हणून ही आम्हाला नकोच, असे खोटे सांगायचे. अशी उदाहरणे मुळीच नसतील असे मी म्हणणार नाही. पण एक साधी कसोटी लावून पाहा. टाकाऊ वस्तूंची नावे मुलांनाही ठेवली गेली आणि मुलींनाही. दगडू आहे तशी दगडाबाई आहे, धोंडू आहे तशी धोंडाबाई आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या दगडाबाई शेळके घोड्यावरून लढल्या, त्यांचे नाव इतिहासात आहे. म्हणजे मुलीला वाचवायचे असेल तर मराठी समाजाकडे त्यासाठी नावे तयार होती आणि ती वापरली जात होती. नकार हा जर दृष्ट टाळण्याचाच उपाय असता, तर सर्वांत आधी तो मुलासाठी वापरला गेला असता, कारण दृष्टीची भीती त्याच्याचसाठी अधिक होती. मुलाचे नाव नकोसा ठेवल्याचे ऐकिवात नाही. ज्या शब्दाने मूल वाचवता येते तो शब्द मुलाला नाकारून फक्त मुलीला द्यावा, इतकी उदारता ज्या समाजाने इतर कशात दाखवली नाही, तो ती नावातच का दाखवेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो समजूतदार माणसांकडून येतो. नावाचा अर्थ वापराने झिजतो. दगडूशेठ म्हणताना दगड आठवत नाही, तसे नकुसा म्हणतानाही आईला नको आठवत नाही. ती हाक मायेचीच असते. आपण शहरातली माणसे बाहेरून अर्थ लावतो आणि त्या घराला लाजवतो. या म्हणण्यातली एक गोष्ट खरी आहे आणि ती मला मोकळेपणाने मान्य आहे : नकुसाच्या आईने तिला मायेने वाढवले नाही असे नावावरून सिद्ध होत नाही. ज्या बाईवर मुलगा होण्याचा तगादा आहे, जिला चौथ्या बाळंतपणानंतर सासरचे टोमणे ऐकावे लागतात, तिच्यावर या नावाचा सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. पण अर्थ झिजतो, हे मात्र या नावाला लागू पडत नाही, आणि त्याचे कारण नावे पुढे कशी जातात यात आहे. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. धोंडू हे नाव पहिल्यांदा भीतीने ठेवले गेले असेल. पण दुसऱ्या पिढीत ते आजोबांच्या आठवणीने ठेवले गेले, तिसऱ्या पिढीत कुळाचे नाव म्हणून. तिथे धोंड्याचा संबंध सुटला आणि माणसाचा जडला. नावाचा अर्थ झिजतो तो असा, प्रेमाने पुन्हा ठेवल्यामुळे. नकुसा कधीच अशी पुढे गेली नाही. आजीची आठवण म्हणून नातीला नकुसा म्हटले, असे कुठे ऐकू येत नाही. प्रत्येक नकुसाचे नाव त्या त्या वेळी, त्या त्या प्रसूतीनंतर, अर्थासकट नव्याने ठेवले गेले आहे. त्याला झिजायला वेळच मिळालेला नाही.

शाळेत तर ते रोज नवे होते. हजेरीपट ही मोठी निर्विकार वस्तू आहे. उभ्या रकान्यात क्रमांक, मग नाव, मग वडिलांचे नाव, आडनाव, आणि पुढे महिन्याच्या तारखांची लहान लहान घरे. गुरुजी वरून खाली वाचत येतात, मूल हजर म्हणते आणि एका घरात खूण होते. नकुसा म्हटले की तिने उठून हजर म्हणायचे. वर्षाकाठी दोनशेहून अधिक दिवस, सातवी-दहावीपर्यंत, आपण नको आहोत या हाकेला आपण आहोत असे उत्तर द्यायचे. आईच्या हाकेत माया असेल. हजेरीपटाच्या हाकेत ती नसते, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांना मराठी येते.

आता आपल्या नामकरणाच्या रीतीकडे वळतो, कारण असे नाव ठेवण्याचे धाडस समाजाला कुठून होते याचे उत्तर मला तिथे दिसते. बारशाला पाळणा सजवतात, बायका जमतात, बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देतात-घेतात, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, मग तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. मुलाचे असो की मुलीचे, बारसे हे असेच. पण मुलाचे नाव त्या दिवशी कायमचे ठरते आणि मुलीचे तात्पुरते. लग्न होऊन ती सासरी आली की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्या तांदळात तिचे नवे नाव लिहितो. ताट हलले की अक्षरे मोडतात, पण नाव राहते. रमाबाईंची सरस्वतीबाई होते ती जन्मभरासाठी. आज ही रीत पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक झाली आहे, कित्येक मुली पहिले नाव बदलू देत नाहीत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या काळात नकुसा हे नाव पसरले त्या काळात मुलीचे माहेरचे नाव ही वीस वर्षांची सोय होती. नाव पुढे बदलणारच आहे, तर ते देवाला निरोप पाठवायला वापरले तर बिघडले कुठे, असा हिशोब कुणी उच्चारून मांडला नसेल. पण तो हिशोब करायला रीतीने जागा करून ठेवली होती.

इथे परंपरेचा आधार कुणी पुढे करील तर तोही तपासून घ्यावा. मनुस्मृती स्त्रियांच्या बाबतीत किती कठोर आहे हे सांगायला नको. त्याच ग्रंथाने मुलीचे नाव उच्चारायला सोपे, मृदू, मनाला आवडणारे आणि मंगल असावे असे सांगितले आहे. पारस्कर गृह्यसूत्र तर मुलीच्या नावात अक्षरे विषम असावीत आणि नाव आकारान्त असावे इतक्या बारकाव्यात शिरते. नकुसा यांतल्या व्याकरणाच्या अटी पुऱ्या करते, तीन अक्षरे, शेवटी आकार. मांगल्याची अट मात्र मोडते. म्हणजे नावाला शास्त्राचा आधार नाही. पण नावामागच्या वृत्तीला आहे, तोही जुना. ज्या हरिश्चंद्र-आख्यानात शुनःशेप येतो, त्याच आख्यानात नारद पुत्राचा महिमा गातो, त्याला प्रकाशाची उपमा देतो आणि तिथेच मुलीला दैन्य म्हणतो. मुलाचे वाईट नाव आणि मुलीबद्दलचे वाईट मत असे एकाच कथेत शेजारी शेजारी ठेवलेले आहे. दोन्हींत फरक करायला आपण इतकी शतके का लावली, हा प्रश्न मला त्या आख्यानाजवळ पुन्हा पुन्हा थांबवतो.

नकुसा एका घराचे नाव राहत नाही, ते एका मोजता येण्याजोग्या वर्तनाचे नाव ठरते, हे दाखवणारा आकडा जानेवारी २०१८ मध्ये भारत सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात आला. त्या अहवालात एक प्रकरण मुलाच्या हव्यासावर होते. तिथे एक वेगळी गोष्ट मोजली गेली. लोकसंख्येतून बेपत्ता झालेल्या स्त्रियांची चर्चा अमर्त्य सेन यांच्या १९९० च्या प्रसिद्ध लेखापासून होत आली आहे. या प्रकरणाने जन्मलेल्या, जिवंत असलेल्या मुलींकडे पाहिले. कुटुंबातले शेवटचे अपत्य कोण, हे त्यांनी तपासले. जी जोडपी मुलगा होईपर्यंत मुले होऊ देतात आणि मुलगा झाला की थांबतात, त्यांच्या घरात शेवटचे मूल नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वेळा मुलगा असते. त्यावरून २५ वर्षांपर्यंतच्या सुमारे २ कोटी १० लाख मुली अशा आहेत की ज्यांच्या जागी आईवडिलांना मुलगा हवा होता, असा अंदाज अहवालाने मांडला. अर्थशास्त्राच्या भाषेत त्या नकोशा मुली. साताऱ्यातल्या आयाबायांनी हजेरीपटावर जे नाव घातले तेच नाव देशाच्या अर्थखात्याने आपल्या तक्त्यात एका रकान्याला दिले. २८५ मुलींचे नाव बदलता आले. या २ कोटी १० लाख मुलींची नावे मंगल, मृदू आणि शास्त्रोक्त असतील. त्यांतली एखादी ऐश्वर्या असेल. त्यांच्या अंगावर मजकूर लिहिलेला नाही, एवढाच फरक.

आणि म्हणून या नावाच्या ओहोटीबद्दल बोलताना सावध राहिले पाहिजे. नकुसा आता क्वचित ठेवले जाते, हे चांगलेच आहे. पण ते कमी होण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही सारखे नाहीत. एक, कुटुंबे लहान झाली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या स्त्रीला सरासरी २.९ मुले होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती संख्या १.७ झाली. जिथे चौथी मुलगीच जन्मत नाही तिथे चौथ्या मुलीचे नाव कुठून येणार? दोन, माणसांची मने खरोखर बदलली. अशी घरे आहेत, दोन मुलींवर आनंदाने थांबलेली, आणि त्यांची संख्या वाढते आहे. तिसरा मार्ग मात्र सोनोग्राफीच्या खोलीतून जातो. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि घसरण त्यानंतरची आहे. ही घसरण कुठे तीव्र होती पाहा : २००१ मध्ये कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१, साताऱ्यातही नऊशेच्या खाली. उसाचे, सहकाराचे, शाळा-महाविद्यालयांचे, चांगल्या रस्त्यांचे हे जिल्हे. त्याच वर्षी गडचिरोलीत हे प्रमाण ९६० च्या वर होते. शिक्षण आणि सुबत्ता वाढली की अशी नावे जातील, हा भरवसा या आकड्यांपुढे टिकत नाही. सुबत्ता आली, यंत्र आले, आणि जिला पूर्वी नकुसा म्हटले असते ती जन्मालाच आली नाही. देवाला निरोप पाठवण्याची गरज उरली नाही, कारण काम डॉक्टरकडून होऊ लागले. नाव दुर्मीळ झाले म्हणून आनंद मानताना त्यातले किती आपण जिंकले आणि किती गर्भातच संपले, याचा हिशोब मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या उजेडात नकुसा हे नाव मला उलटून वेगळे दिसते. ते ठेवणाऱ्या घराने मुलीला जन्म दिला होता. तिला नको म्हटले, पण पाळण्यात घातले, घुगऱ्या वाटल्या, पुढे शाळेत नाव घातले. नावातली क्रूरता मी कमी लेखत नाही. पण ज्या पुढच्या पायरीला हे नाव लागत नाही, ती पायरी त्याहून भयंकर आहे, हे सांगितले पाहिजे.

मग २०११ चा तो समारंभ दिखाऊ होता का? तसे म्हणणारे तेव्हाही होते : नाव बदलून परिस्थिती बदलत नाही, घरी जुनीच हाक राहणार, सरकारला छायाचित्र हवे होते. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. पाकिटावरचा पत्ता खोडून आतला मजकूर बदलत नाही, हे माझ्याच मांडणीतून निघते. पण त्या मुली म्हणजे काही एखाद्या रोगाची नुसती लक्षणे नव्हेत. त्यांना रोज त्या नावाने उठून हजर म्हणावे लागत होते, आणि ते थांबवणे हे स्वतंत्रपणे योग्य होते. नाव हा समाजाच्या सुधारणेचा भाग असेल-नसेल, मुलीच्या प्रतिष्ठेचा भाग आहेच. त्या समारंभाची उणीव मला दुसरीकडे दिसते. तो शाळेत असलेल्या मुलींपर्यंत पोचला. ज्यांची शाळा सुटली होती, ज्यांचे लग्न झाले होते, त्यांच्यापर्यंत कोण गेले? अशा स्त्रीला पहिले नाव बदलायचे तर राजपत्रात जाहिरात, मग आधार, मतदार यादी, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनेच नाव. सासरी तांदळात लिहिलेले नाव कागदावर नसते, कागदावर माहेरचेच नाव असते. तिच्यासाठी गावात एक दिवस शिबिर भरवून सगळे कागद एकाच वेळी बदलून देणे अशक्य नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक एका टेबलाशी बसले तर होते.

नाव नोंदवायलाच बंदी घालावी, अशी सूचनाही अधूनमधून होते. ती मला धोक्याची वाटते. नोंदवहीत ऐश्वर्या लिहायचे आणि अंगणात नकुसा हाक मारायची, इतके सोपे ते होईल. शिवाय कोणते नाव अपमानकारक हे ठरवण्याचा अधिकार एकदा कारकुनाच्या हाती दिला तर तो दगडूवर आणि भिकाबाईवरही चालेल. कायद्याने नावाच्या रचनेत हात घालावा तो महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांबाबत घातला तसा : मुलाच्या नावानंतर आईचे नाव येऊ लागले. ज्या बाईच्या चौथ्या बाळंतपणाचा निकाल मुलीच्या नावावर लिहिला जात होता, ती आता मुलाच्या नावात उघडपणे उभी आहे. हा बदल मला मोठा वाटतो.

शेवटी, माझी मांडणी मोडून काढायची असेल तर ती कशी मोडता येईल, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. प्रत्येक जुन्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जन्मतारीख सलग अनेक दशके लिहिलेली असते. गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत दगावलेल्या मुलांच्या नोंदी असतात. नकुसा, नकुशी, नकोशी ही नावे काढायची, त्याच वडिलांच्या नावाखाली आधीची आणि नंतरची भावंडे शोधायची, आणि शेजारी दगडू-धोंडूंचा तसाच तक्ता मांडायचा. नकुसाच्या आधी मृत भावंडे सापडू लागली तर माझे म्हणणे चूक आहे, मग ती खरोखर दगडूचीच बहीण. तिच्या आधी जिवंत बहिणींची रांग आणि नंतर एक भाऊ सापडला, आणि भावानंतर रांग थांबलेली दिसली, तर निरोप कुणाला होता हे ठरेल. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. समाजशास्त्राचे आणि मराठीचे विद्यार्थी मिळून एका तालुक्यापासून सुरुवात करू शकतील. जुन्या शाळांची ती रजिस्टरे वाळवीच्या हाती जाण्याआधी हे व्हायला हवे.